बाराशे चाळीस

डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हापासून हायड्रोमीटर दुकानातल्या पोराच्या हातात गेला. तो रबरी फुगा दाबून ॲसिड वर ओढतो, काच डोळ्यासमोर धरतो, आकडा सांगतो आणि मी खडूनं बॅटरीच्या डब्यावर लिहितो. १२३०, १२३५, १२३०, ११५०, १२३५, १२३०. चौथ्या आकड्याला माझा हात थांबतो. "नीट बघ." दांडीला चिकटून ॲसिड जरा वर चढलेलं असतं, नवखा माणूस तिथंच वाचतो. पोरगं पुन्हा बघतं आणि तेच सांगतं. त्याचं बरोबर असतं, म्हणून जास्त राग येतो.

बीडमध्ये आमच्या धंद्याचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पेरण्या उरकल्या की कित्येक ट्रॅक्टर लिंबाखाली उभे राहतात. केबल काढून ठेवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. मग साखर कारखाने पेटायची वेळ होते, मुकादम ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल वाटतो आणि सगळे एकदमच दारात. "मिस्त्री, सेल्फच घेईना गेलाय." कुणाचं पाणी आटलेलं, कुणाच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलेलं. ती कामं पोरगं करतं. माझं भांडण असतं ते महिनोन्‌महिने डिस्चार्ज होऊन बसलेल्या बॅटरीशी.

तिच्या प्लेटांवर सल्फेट धरलेलं असतं. मऊ असेल तर ते उलटतं, खडा झाला असेल तर नाही, आणि बुचातून टॉर्च मारली तर दोन्ही सारखंच पांढुरकं दिसतं. चार्जरला लावली की काटा लगेच सोळा व्होल्टला टेकतो आणि अँपिअर काही घेत नाही. कच्चा माणूस म्हणतो, फुल्ल झाली. ८८ अँपिअरच्या बॅटरीला एरवी आठ-नऊ अँपिअर देतो. हिला दोनच द्यायचे आणि गप बसायचं. वाचणारी असेल तर व्होल्टेज आधी खाली येतं. चार्जिंगला लावलेली बॅटरी खाली येतेय म्हटल्यावर गिऱ्हाइकाचं तोंड पडतं आणि माझं खुलतं.

त्यानंतर हायड्रोमीटरवरची ग्रॅव्हिटी हलायला लागते, पण तिच्यावरही लगेच भरवसा ठेवता येत नाही. नुकतं टाकलेलं पाणी वरच राहतं, जड ॲसिड तळाशी. बुडबुड्यांनी घुसळण झाल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. शिवाय आमचं माप २७ डिग्रीचं. मे महिन्यात पत्र्याखाली ॲसिड ४२ वर गेलं की चांगला सेलसुद्धा दहा पॉइंट कमी दाखवतो. आणि सहातला एकच सेल मागे राहिला, तर तो उशिरा येणार आहे की आलाच नाही, हे कसं ठरवायचं? १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेनं शिशाचे पत्रे गुंडाळून ॲसिडात बुडवले. तेव्हापासून शिसं तेच, ॲसिड तेच. तरी ह्या एका सवालाला वाट बघण्याशिवाय उत्तर मिळालेलं नाही.

वाट बघायलाही वीज लागते. परळीचं औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात, आणि २०१३च्या दुष्काळात पाण्यावाचून तेच बंद पडलं. भारनियमनात दोन अँपिअरवरची बॅटरी निम्म्यात लटकायची. अर्थात त्याच अंधारानं घरोघर इन्व्हर्टर नेले आणि माझी चूल पेटती ठेवली, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडानं करू?

आमच्यात काही हुशार आहेत. ग्रॅव्हिटी चढत नाही म्हटलं की वरून ॲसिड ओततात. आकडा दहा मिनिटांत १२५०. गिऱ्हाईक खूश, आणि ऐन हंगामात प्लेटा खाल्लेल्या. पाणी आटलं तर पाणीच टाकायचं असतं, ॲसिड उडून जात नाही, हे त्यांना माहीत नाही असं नाही. गिऱ्हाईकही कमी नाहीत. बोअरचं क्षारट पाणी ओततात, आणि टोकलं तर म्हणतात, "आम्ही हेच पितो की." दुकानदारांकडे आता टेस्टर आलाय. दोन चिमटे लावले की चिठ्ठी बाहेर, 'रिप्लेस'. बसलेली बॅटरी आधी चार्ज करून मग तपासायची असते, पण नवी विकायची असली की एवढा दम कोण धरतो? सील्ड बॅटरीला तर बूचच नाही. बघणार काय आणि सांगणार काय?

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. डांबर फोडून प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून जोडायचं, तो धूर छातीत घ्यायचा. ते बंद झालं ते बरं झालं. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यायची ठरवली, तेही बरोबरच. फक्त कुठली बॅटरी जुनी म्हणायची हे मला ठरवू द्या.

इथं माझा खरा रोग आहे. चिठ्ठी लागलेली बॅटरी मी मुद्दाम ठेवून घेतो. तिच्यावर विजेचे जेवढे पैसे जातात तेवढे मजुरीत निघत नाहीत. उठली की ती दुपारी द्यायची नाही, संध्याकाळी चहाच्या टपरीवर माणसं जमली की द्यायची. सेल्फ एका झटक्यात फिरतो, कुणीतरी म्हणतं, "मिस्त्रीनं मेलेली उठवली," आणि मी हात पुसत आत जातो, जणू ऐकलंच नाही. उठलेल्या बॅटरीत पहिल्यासारखा जीव नसतो, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. पण हळू आवाजात.

पोरगं ते मोठ्यानं सांगतं. त्याचे आई-बाप कोयता घेऊन दरवर्षी जातात, हा आजीजवळ राहतो. परवा एका मुकादमाच्या ट्रॅक्टरची बॅटरी मी सात दिवसांनी १२२० पर्यंत आणली होती. चौथा सेल ११८० वर. मी म्हटलं, देऊन टाक, हंगाम काढील. त्यानं चिमटे काढले आणि मालकाला म्हणाला, "ही भंगारात घाला, नवी घ्या." मी शिव्या दिल्या. तो म्हणाला, "रात्री भरल्या ट्रॉलीसकट मधी बंद पडलं तर लाइट कशावर लागतील? मागून येणाऱ्याला काय दिसंल? आई ट्रॉलीवर असती."

इतकी वर्षं मी बॅटरी बघत आलो. ती कुणाला ओढणार आहे, हे काही बघितलं नव्हतं. तेव्हापासून दुकानाचा कायदा झालाय. ऊसतोडीला निघालेल्या गाडीला उठवलेली बॅटरी द्यायची नाही. दिली तर गावातल्या गावात फिरणाऱ्याला. कायदा त्याचा आहे आणि मी तो पाळतो.

चौथा सेल मात्र उलटणार होता. अजून चार दिवस दिले असते, तर १२४० ला आणून दाखवला असता.