पत्ता आहे, गाव नाही

संपादकांनी सुचवलेला विषय होता ‘दुर्मीळ तिकिटं आणि त्यांच्या किमती’. मी त्यांना म्हटलं, किमतींवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आता नसलेल्या गावांच्या पोस्टाबद्दल लिहू द्या. त्यांनी मान्य केलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

निमित्तही ताजं आहे. यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी एका कुटुंबानं घरातल्या जुन्या ट्रंकेतली पाकिटं दाखवायला आणली. आजोबा युद्धकाळात एका छावणीला किराणा पुरवायचे. एका पाकिटावर टाइप केलेला पत्ता होता : पोलिश कॅम्प, वळिवडे, कोल्हापूर. उजवीकडचा वरचा कोपरा मात्र कात्रीनं कापलेला. कधीतरी घरातल्या मुलांनी तिकीट वहीत चिकटवायला घेतलं असणार. तिकिटाबरोबर शिक्का गेला, शिक्क्याबरोबर तारीख आणि टपालात टाकल्याचं ठिकाण गेलं. मागच्या बाजूला पोहोचल्याचा शिक्का उमटलेला होता, तोही त्या कापण्यात अर्धा गेला. हे पत्र कुठून आलं, कोणत्या साली आलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

वळिवड्याची ही छावणी म्हणजे एक अख्खं गाव होतं. १९४० पासून सोव्हिएत रशियानं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांतली काही सुटली, इराणमार्गे कराचीला उतरली आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ येऊन राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. बराकींच्या रांगा, चर्च, शाळा, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सगळं उभं राहिलं. घरातले पुरुष जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात, आधी मध्यपूर्वेत आणि मग इटलीत मॉन्टे कॅसिनोला लढत होते. त्यामुळे या वस्तीचं सगळं जगणं टपालावर टांगलेलं होतं. लष्करी टपालाचा क्रमांक असलेलं, सेन्सॉरच्या चिठ्ठीनं पुन्हा बंद केलेलं पाकीट आलं, की मुलगा निदान पत्र लिहिलं त्या दिवशी जिवंत होता एवढं तरी कळायचं. १९४८ पर्यंत ही माणसं इंग्लंड, आफ्रिका अशी पांगली, आणि त्याच बराकींत फाळणीचे सिंधी निर्वासित आले. आज आपण कपड्यांच्या घाऊक खरेदीला ज्या गांधीनगरात जातो, ते हे.

आता आम्हा टपालाच्या अभ्यासकांतल्या एका वादाबद्दल सांगतो. प्रदर्शनांचे काही परीक्षक म्हणतात, ज्या पाकिटावर त्या ठिकाणचा शिक्का आहे तेवढंच त्या ठिकाणचं. नुसत्या पत्त्याला पुरावा मानू नये. मला हे अजिबात मान्य नाही. मागे पोहोचल्याचा शिक्का कोल्हापूरचा पडला, तर पत्र कोल्हापूरपर्यंत आल्याचं कळतं. पण ते कुणासाठी आलं, हे पत्ताच सांगतो. शिवाय छावणीतून बाहेर गेलेली पत्रं लंडनला, पॅलेस्टाइनला, टांगानिकातल्या पोलिश वसाहतींत गेली आणि तिथेच राहिली. छावणीत आलेली पत्रं त्या माणसांनी जाताना बरोबर नेली. म्हणजे पाच हजार माणसं पाच वर्षं जिथं राहिली, त्या कोल्हापुरात त्यांच्या टपालाचा कागद मुळातच कमी उरला. जो उरला तो शिक्का नाही म्हणून बाद करायचा, तर अभ्यास करायचा कशाचा? परीक्षकांची अडचण मला कळते. पत्ता खोटा लिहिता येतो, बनावट पाकिटं बाजारात आहेत. पण बनावट शिक्केही आहेतच. शाई, कागद, टाइपाची घडण, सेन्सॉरची खूण, टपालहशील त्या काळच्या दराशी जुळतं की नाही, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

लोकांची समजूत आणखी वेगळी. मी शिक्क्यांचा अभ्यास करतो म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती मिळतील?’ आणि दुसरं, विकायला सोपं जावं म्हणून पाण्यात भिजवून सोडवलेली तिकिटं आणून देतात. पंचम जॉर्ज आणि सहावा जॉर्ज यांची साधी तिकिटं पोत्यानं मिळतात. ज्या पाकिटावर ती होती, ते मात्र चुलीत गेलेलं असतं.

आणि आता जे मला सर्वांत जास्त सलतं ते. वळिवड्याची आठवण तरी राहिली. त्या माणसांनी पुस्तकं लिहिली. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पण आमच्याच पश्चिमेला कोयनेच्या खोऱ्यात शिवसागर जलाशयाखाली शंभराच्या आसपास गावं गेली. वारणेच्या चांदोली धरणात गेली, राधानगरीत गेली. ही गावं वळिवड्याच्या छावणीपेक्षा कितीतरी जुनी. त्यांच्या पोस्टांबद्दल काही विचारलं, तर सांगणारं कुणी नसतं.

याचं कारण टपालखात्याच्या रचनेत आहे. मोठ्या गावात सब पोस्ट ऑफिस, त्याच्या हिशोबाखाली लहान गावांतली ब्रँच ऑफिसं. ब्रँच ऑफिस म्हणजे बहुतेक वेळा शाळामास्तरांचं किंवा दुकानदाराचं घर, एक पेटी, एक शिक्का आणि शाईची गादी. ब्रिटिश काळात नवं ऑफिस आधी प्रायोगिक म्हणून उघडत. अशा ऑफिसच्या शिक्क्यावर गावाचं नावसुद्धा नसे, ‘एक्स्पेरिमेंटल पी.ओ.’, एक अक्षर आणि एक आकडा, एवढंच. तो आकडा कोणत्या गावाचा, हे खात्याच्या याद्यांवरून किंवा पाकिटावरच्या मजकुरावरून जुळवावं लागतं. उत्पन्न जमलं नाही तर ऑफिस बंद होई, आणि गाव असूनही टपालात त्याचा मागमूस उरत नसे. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांना तो कधी मिळालाच नाही.

पुनर्वसनाच्या वसाहतींनी गोष्ट अजून गुंतागुंतीची केली आहे. गाव उठून कधी पन्नास-शंभर मैलांवर, कधी जवळच गेलं, पण नाव तेच ठेवलं. उजनी धरणातल्या पळसदेवचं पाहा : जुनं गाव पाण्यात, पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ दिसतं, आणि नवं पळसदेव काठावर नांदतं आहे. अशा एखाद्या नावाचा शिक्का हातात आला, की पहिली तारीख पाहायची. ती पाणी साचण्याआधीची असेल तर जुन्या गावठाणातली, नंतरची असेल तर नव्या वसाहतीतली. तारीख पुसट असेल, तर मजकुरात नदीचं, शेताचं, शेजारगावाचं नाव शोधायचं.

कोयना-वारणेच्या या खोऱ्यांतली कितीतरी माणसं मुंबईला गिरणीत असायची. त्यांच्या मनीऑर्डरच्या खालच्या भागावर चार ओळी खुशालीच्या लिहिलेल्या असत, आणि तेवढा तुकडा घरी ठेवायला मिळे. माझ्या हाती असे तुकडे आले आहेत ते देवघराच्या फळीवरून, सातबाऱ्याच्या फायलीतून, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून. शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतल्या वारणाग्रस्तांच्या वसाहतींत मी सध्या हेच विचारत फिरतो आहे. पैसे नकोत, मूळ कागदही नको. दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो द्या, पत्र कुणाचं होतं ते सांगा, आणि कागद जिथं होता तिथंच ठेवा, तिकिटासकट.