पाण्याला कळतो तो चढ

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
जून अखेर

प्रिय दादा,

तुझं पत्र आणि फोटो दोन्ही पोचले. कार्डिफहून टॅफ नदीच्या काठाने मर्थर टिडफिलपर्यंत गेलास, वाटेत पावसाने झोडपलं, कोळशाच्या ढिगाऱ्यांवर आता नुसतं गवत आहे, सगळं दोनदा वाचलं. आणि शेवटी तुझा तो खवचट प्रश्न: ‘तंजावुरात चढ तरी आहे का गं? ती ग्रॅव्हल बाईक तिकडे नेऊन काय पापड वाळत घालणार?’

पापड नाही, भात वाळत घालतात इथे, तोही भर रस्त्यावर. ते पुढे सांगते.

चढ नाही हे खरंच. तंजावूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटरांवर. आपण दोघं सिंहगड आणि वरंधा घाटावर वाढलो. चढ नसला की आपल्याला सायकल चालवल्यासारखंच वाटत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद लावायचं काम मिळालं तेव्हा मीही सायकल पुण्यातच ठेवणार होते. आईच म्हणाली, ‘ने, नाहीतर गंजेल.’ इथे आल्यावर पहिले पंधरा दिवस ती जिन्याखालीच उभी होती. घरमालकीण आजींनी, ज्यांचं मराठी आपल्या पणजीच्या काळातलं आणि हेल मात्र पक्का तमिळ, तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. मग मला लाज वाटली.

ग्रंथालय उघडायला दहा वाजतात, म्हणून मी पहाटे निघते. राजवाड्याच्या पूर्वेच्या कीळ राजवीदीत तेव्हा फक्त दुधाच्या सायकली आणि झाडूवाल्या असतात. दक्षिणेला वळून मोठ्या देवळाच्या शिखराच्या रोखाने गेलं की पुदु आरु लागतो. पुदु आरु म्हणजे नवी नदी. खरं तर तो कालवा. कागदोपत्री ग्रँड अनिकट कॅनॉल, १९३४ साली मेट्टूर धरणाबरोबरच पुरा झालेला. त्याच्या काठावर पाटबंधारे खात्याच्या माणसांना फिरता यावं म्हणून केलेली वाट आहे: लाल मुरूम, मधेमधे खडी, कडेला गवत. शहरापाशी आणि काही टप्प्यांत काठाला काँक्रीट झालंय, तिथे मजा नाही. पुढे मात्र चाळीस मिलिमीटरच्या टायरमधली हवा थोडी कमी केली की चाक त्या मुरमावर असं बसतं की आवाजसुद्धा वेगळा येतो.

आता चढाचं. कावेरीच्या जुन्या फाट्यांनी जमिनीच्या उतारानेच वाट काढली, त्यामुळे त्यांचं पाणी सखल भागात गेलं. दक्षिणेकडचा ओरत्तनाडु, पट्टुकोट्टैकडचा भाग उंचवट्यावर म्हणून कोरडाच राहिला. आपण हसू इतकासाच तो उंचवटा, पण पाण्याला तेवढा पुरतो. म्हणून कालवा सरळ न नेता उंचीच्या कडेकडेने, उतार जेमतेम ठेवत वळवत नेलाय. वाटेत आडवे येणारे ओढे त्याच्या खालून काढून दिलेत. मी सायकलवर पायडल मारताना मला काहीच कळत नाही, पण माझ्या शेजारून वाहणाऱ्या पाण्याला दर वळणावर डोंगर दिसत असतो. हे लक्षात आल्यापासून सपाट रस्त्याचा कंटाळा गेला.

बारा जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडायची प्रथा आहे. काही दिवसांनी पाणी कल्लणैला पोचतं. कल्लणै म्हणजे करिकाल चोळाने बांधलेला दगडी बंधारा, सुमारे अठराशे वर्षांचा. १८३०च्या दशकात आर्थर कॉटनने त्याच्यावर काम केलं आणि जुन्या बांधणाऱ्यांना मनापासून मानलं. तिथे पाण्याच्या वाटण्या होतात: कावेरी, वेण्णार, पुदु आरु, आणि जास्त झालं की कोळ्ळिडम. यंदा पुदु आरूला पाणी आलं त्या सकाळी मी काठावरच होते. कोरड्या पात्रात आधी बगळे दिसले, मग त्यांच्या मागून पाण्याचं तोंड. फेसाळ, तपकिरी, पुढे बाटल्या, चपला आणि वाळका पाला ढकलत येणारं, माणसाच्या चालीने. मी सायकलवरून उतरले आणि त्याच्याबरोबर चालत राहिले. एक म्हातारे शेतकरी काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी पाण्याला हात जोडले आणि लगेच फोन काढून कुणाला तरी मोठमोठ्याने सूचना द्यायला लागले. कुरुवै भाताची रोपं लावायची घाई असते. पाणी आलं की दम कुणालाच नसतो.

तू त्या वाटेबद्दल लिहिलंस ना, जिथून २१ फेब्रुवारी १८०४ला ट्रेव्हिथिकचं वाफेचं इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं घेऊन पेनिडॅरनहून निघालं? वाचताना मला गंमत वाटली, कारण त्याच्या आदल्याच वर्षी, १८०३ साली, तंजावूरच्या मराठी सरफोजी राजांनी इथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशवृत्तांत मराठीत कोरून घेतला. तिकडे लोखंड धावायला लागलं आणि आपण दगडावर वंशावळ लिहीत होतो, असं म्हणून हळहळायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. याच राजांनी देवनागरी छापखाना काढला, इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. शिवाय तुझ्या खोऱ्यातलं लोखंड गेलं, कोळसा गेला, ऱ्होंडातली शेवटची खाण १९९०ला बंद झाली. रूळ उखडले म्हणून तुम्हाला सायकलच्या वाटा मिळाल्या. तुझे रस्ते निवृत्त आहेत. माझा रस्ता अजून नोकरीत आहे. समोरून ट्रॅक्टर आला की मला गवतात उतरावं लागतं. बदकांचा हजारभराचा कळप एका शेतातून दुसऱ्यात निघाला की दहा मिनिटं थांबायचं. सुगीला डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागात भात पसरलेला असतो आणि त्याच्यावरून चाक गेलं तर बाई जे बोलते ते कळायला तमिळ यावं लागत नाही. हा कारखानाच आहे, फक्त छप्पर नाही.

फजितीही सांगते, नाहीतर तू म्हणशील नुसती वर्णनं करते. काठावर वेडी बाभूळ माजलीय. तिचा काटा मागच्या टायरमधून आरपार. टायरमधलं चिकट द्रावण इथल्या उन्हात कधीच सुकून गेलं होतं, आणि जादा ट्यूब घरी. अडीच किलोमीटर ढकलत गेले. फाट्यावर पंक्चरवाले अण्णा भेटले. त्यांनी बालदीत चाक बुडवलं, काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘अक्का, इतके गिअर कशाला? इथे चढ कुठे आहे?’ दादा, तू आणि ते एकाच गुरूचे शिष्य. मग त्यांनीच पश्चिमेकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की आडी महिना येऊ दे, मग गिअर कामाला येतील. इकडे म्हण आहे, आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. जूनमध्येच त्याची चुणूक मिळतेय. कल्लणैच्या दिशेने निघालं की तो वारा थेट छातीवर, आणि तासाभरात वरंधा चढल्यासारख्या मांड्या भरून येतात. फरक एवढाच की या घाटाला माथा नाही.

उत्तरेकडचा रस्ता वेगळा. तिरुवैयारूला जाताना बारा-तेरा किलोमीटरमध्ये पाच पूल ओलांडायचे: वडवारु, वेण्णार, वेट्टारु, कुडमुरुट्टी, कावेरी. किलोमीटरचे दगड बघायची गरजच नाही, नद्या मोजायच्या. शेवटी त्यागराजांची समाधी, आणि समोर फिल्टर कॉफी.

पण मला मनापासून करायचाय तो दक्षिणेचा रस्ता. ओरत्तनाडुला सरफोजी राजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र आहे, म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरची धर्मशाळा. इकडचे लोक सत्तिरम म्हणतात. १७९९च्या तहात राज्य कंपनीकडे गेलं, राजांच्या हातात किल्ला आणि आजूबाजूचा परिसर उरला. १८०१ मध्ये रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात राजे काय वाचवायला धडपडताहेत, तर ही छत्रं. येणाऱ्याला जात न विचारता जेवण, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची देखभाल, तान्ह्या पोरांना दूध, असा सगळा हिशेब त्यात आहे. राज्य गेल्यावर माणूस काय मागून घेतो, त्यावरून त्याची किंमत करावी असं मला वाटतं. आणि सायकलवर सामान बांधून निघालेल्या माणसाला त्या पत्राचं मोल जरा जास्तच कळतं. इथून सहा कोसांवरच्या गावात कुणीतरी पाणी विचारेल, एवढ्या भरवशावर तर आपण निघतो.

छत्रापासून पुढे पट्टुकोट्टै, आणि समुद्राकाठी मनोरा. नेपोलियन हरला म्हणून सरफोजींनी १८१४च्या सुमारास उभारलेला आठ मजली बुरूज. इंग्रजांच्या विजयाचा स्मृतिस्तंभ मराठी राजाने बांधावा, हे मला आवडत नाही. पण पासष्टेक किलोमीटरच्या सपाट रस्त्यानंतर चढायला काहीतरी मिळतं, तेवढ्यासाठी राजांना माफ करीन म्हणते.

डिसेंबरात येतोयस ना? पुण्याला आठ दिवस काढ आणि रात्रीची गाडी धर. टायर रुंद आण, नवीन द्रावणाच्या दोन बाटल्या आण, आणि जादा ट्यूब. आजी तुला पिठलं करून घालणार आहेत. सायकलवरचे टॉवेल मी काढायला लावलेत.

उशीर मात्र करू नकोस. २८ जानेवारीला मेट्टूरचं पाणी बंद होतं.

तुझी,
ताई