हवा कुठून येते, कुठे जाते

क्षयरोगाच्या वॉर्डात माझी बदली झाली, तेव्हा इन्चार्ज सिस्टरांनी ड्रॉवरमधून उदबत्ती काढून पेटवली. त्या ती घेऊन खिडकीपाशी गेल्या, मग खाटांमधून फिरल्या आणि शेवटी आमच्या टेबलाशी थांबल्या. धूर सरळ माझ्या तोंडावर आला. "रुग्णाच्या खोकल्यातलं सगळं याच वाटेनं येतं," असं म्हणत त्यांनी वॉर्डबॉयला हाक मारली आणि टेबल दुसऱ्या बाजूला हलवून घेतलं. वारा आमच्या पाठीकडून यावा, रुग्णांवरून जावा आणि समोरच्या खिडकीतून बाहेर पडावा, अशी ती मांडणी होती. मास्कविषयी त्या नंतर बोलल्या.

क्षय ताटावाटीतून किंवा चादरीतून पसरत नाही. रुग्ण खोकला की उडालेले थेंब सुकतात आणि एक ते पाच मायक्रॉनचे कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. फरशी फिनेलनं कितीही पुसली तरी ते जात नाहीत. ते घालवायला वाहती हवा लागते. अशा खोलीतली हवा तासाला किमान बारा वेळा बदलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या बांधणीच्या उंच छताच्या, समोरासमोर खिडक्या असलेल्या वॉर्डात हे फुकट होतं. बंद खोलीत एसी लावला की तीच हवा गार होऊन फिरत राहते. आमची खरी लढाई असते पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या रात्री. झड आत येते, नातेवाईक खिडक्या लावून घेतात. मी जादा ब्लँकेट आणून देते, पण खिडकी बंद करू देत नाही. त्यावरून भांडणंही होतात.

मास्कचं गणित सोपं आहे, तरी बहुतेक ठिकाणी उलटं दिसतं. साधा सर्जिकल मास्क रुग्णाच्या तोंडावर हवा, कारण तो बाहेर पडणारे थेंब अडवतो. आत येणारे बारीक कण अडवायला आपल्याला एन-९५ लागतो, तोही दोन्ही पट्ट्या लावून, नाकावरची पट्टी दाबून. दाढीवर तो नीट बसत नाही. गळ्यात लटकवला तर उपयोग शून्य.

एका आजोबांनी विचारलं होतं, "सिस्टर, माझी किळस येते का?" मी त्यांच्या शेजारी बसून सांगितलं, "नाही हो. मला उद्याही तुम्हाला औषध द्यायला यायचंय, म्हणून मास्क बांधलाय." ते पुन्हा कधी रागावले नाहीत. हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत आणि ते सांगणं मी उपचाराचाच भाग मानते.

निदान झालेला, लागू पडणारी औषधं घेणारा रुग्ण तितका धोक्याचा नसतो. औषध सुरू झालं की त्याच्यापासूनचा संसर्ग झपाट्यानं कमी होतो. धोका असतो तो ओपीडीच्या रांगेत केसपेपर हातात धरून खोकणाऱ्या, अजून थुंकीची तपासणीही न झालेल्या माणसापासून. आमच्या ओळखीच्या एका मावशी क्षयाच्या वॉर्डात कधीच नव्हत्या. त्या जनरल मेडिकल वॉर्डात खाटा आवरायच्या. तिथे कोणी एन-९५ घालत नव्हतं. त्यांना झाला तो रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा क्षय. कंत्राटी नोकरी, खाडा झाला की पगार कापला जायचा, म्हणून खोकला लपवत त्या कामावर येतच राहिल्या. दीर्घ उपचारानंतर त्या बऱ्या झाल्या. पण मधल्या काळात त्यांच्या खोकल्यानं कोणाकोणाला काय दिलं, कोण सांगणार?

म्हणून रुग्णालयं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. खोकणाऱ्या माणसाला रांगेतून काढून आधी तपासा, त्याला मोकळ्या हवेत बसवा. आणि झाडू मारणाऱ्या, खाटा आवरणाऱ्या कंत्राटी माणसांनाही आमच्याइतकाच एन-९५, नियमित छातीचा एक्स-रे आणि आजारपणाची पगारी रजा द्या.