‘शिक्षा’चे दोन अर्थ

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरातल्या मराठी घरचं मूल हिंदी शाळेत जातं, तेव्हा त्याला अडखळवतो तो ओळखीचाच शब्द. घरी ‘शिक्षा’ म्हणजे अंगठे धरून उभं राहणं; शाळेत तोच शब्द शिक्षणाचा. 1956 साली या गावाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण कितीतरी घरांतली बोली महाराष्ट्रातल्या रावेर-मुक्ताईनगरकडचीच राहिली. शेजारी उर्दू, बाजारात हिंदी, चुलीपाशी मराठी. वातावरण सगळ्यांना सारखंच, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एक मूल त्या ‘शिक्षे’ला हसतं आणि घरी येऊन गंमत सांगतं. दुसरं वर्गात तोंडच उघडत नाही. तिसरं, बहुधा थोरलं, दवाखान्यात आईचं दुभाषी होतं आणि दहाव्या वर्षीच पोक्त बोलू लागतं. 1934 साली वारलेले रशियन मानसशास्त्रज्ञ विगोत्स्की व्यसनी आईच्या तीन मुलांचा दाखला देत: धाकटं भेदरलेलं, मधलं माया आणि भीती यांच्या कात्रीत, थोरलं अकाली मोठं झालेलं. घर एक, अनुभव तीन. परिस्थिती मुलात शिरते ती या अनुभवातून, आणि त्यात तिच्याइतकंच ते मूलही असतं.

यावर कुणी म्हणेल, हा तर उपजत स्वभाव. थोडा असेलही. पण वर्गात मुकं असलेलं पोर पॉवरलूमच्या गल्लीत, कांड्या भरता भरता, तिन्ही भाषांत भांडत असेल, तर तो मुकेपणा शाळेच्या फाटकाशीच का सुरू होतो? दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो: सगळं अनुभवावर सोडलं की गरिबीला मोकळीक मिळते. खरंच आहे, मागांची खटखट कानाचं नुकसान करताना स्वभाव विचारत नाही. म्हणून परिस्थिती बदलायलाच हवी, फक्त ती मुलाच्या बाजूने पाहून. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला तेच केलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तर त्यांना आळशी न ठरवता शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलं तीच होती, शाळा त्यांना भेटली ती निराळ्या जागी. बऱ्हाणपुरात तर एवढंही चालावं लागणार नाही. ‘तुझ्या घरी शिक्षा म्हणजे काय रे?’ असं पहिलीच्या बाईंनी विचारलं, तर मागच्या बाकावरच्या मुक्या पोराकडे सांगण्यासारखं बरंच निघेल.