खिडकी आणि कारकून

आमच्या बार्शीटाकळीत माणसावर निवड करण्याची पाळी फारशी येत नाही. अकोल्याला जायचं तर जी गाडी आधी येईल तीत बसायचं. मे महिन्यात कूलर लावायचा की नाही, हा प्रश्न ४५ अंशांवर गेलेला पारा परस्पर सोडवतो. लग्नाच्या बाबतीत तर मी निवड वडिलांवर सोपवली आणि तक्रारीचा हक्क तेवढा स्वतःकडे ठेवला. अशा सुखी गावात आमचे चिरंजीव परवा म्हणाले, "बाबा, खेळासाठी चांगला मॉनिटर घेऊ का तगडं ग्राफिक्स कार्ड?"

पैसे माझे असते तर उत्तर सोपं होतं: दोन्ही नको. पण पैसे त्याचे होते. दोन वर्षं लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स तयार करून त्याने २२ हजार रुपये जमवले होते. पोराच्या पहिल्या कमाईवर सल्ला द्यायचा म्हणजे जोखमीचं काम. पैसे वाया गेले तर पुढच्या वेळी तो मला विचारायचा नाही. अठरा वर्षांचा मुलगा बापाला काही विचारतो, हीच मुळात मोठी ठेव. ती मुदतीआधी मोडायची माझी तयारी नव्हती.

शेजारच्या भाऊंना मात्र कसलीच अडचण दिसली नाही. "काहून पैसे घालता बाप्पा? घरी टीव्ही हाये ना, जोडून द्या त्यालेच!"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला कुठलीही गोष्ट बँकेच्या भाषेत आणल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी असं बसवलं: ग्राफिक्स कार्ड म्हणजे आत बसून काम उपसणारा कारकून आणि मॉनिटर म्हणजे काउंटरची खिडकी. कार्ड चित्रं काढतं, मॉनिटर ती दाखवतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. कार्डाने ९० काढली तरी वरची ३० फुकट. ती कुठे जातात? माझे रजेचे अर्ज जातात तिथेच. उलट मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि कार्ड ४० चित्रांतच धापा टाकणारं, तर खिडकी ऐसपैस, पण कारकून चहाला गेलेला.

"पण सिनेमा तर सेकंदाला २४ चित्रांत चालतो," मी शंका काढली. "त्यात लोक मनसोक्त रडतात."

"बाबा, सिनेमात आपण नुसतं पाहतो. इथे बटण दाबलं की लगेच हललं पाहिजे." ६० हर्ट्झला दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंद जातात, १४४ ला सुमारे ७. ज्या माणसाने एका सहीसाठी चार-चार दिवस थांबायची सवय करून घेतली आहे, त्याला हे दहा मिलिसेकंद कसे समजावेत?

मग मी हिशेब मांडला. १९२० गुणिले १०८०, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला १४४ चित्रं, म्हणजे जवळजवळ ३० कोटी ठिपके, आणि एकाही व्हाउचरवर सही नाही! त्यातून कोणी २५६० गुणिले १४४० चा पडदा गळ्यात मारला, तर ठिपके ३६,८६,४०० होतात. कार्डावर पावणेदोनपट ओझं. म्हणजे म्हैस हौसेने आणायची आणि मग कडब्यात बुडायचं.

आमच्या गावाला हे रेल्वेने आधीच शिकवलं आहे. अकोला-पूर्णा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. त्याआधी रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटर होतं, आता १,६७६ आहे. मीटरगेजच्या काळात कुठेतरी कितीही दांडगं इंजिन असलं, तरी आमच्या स्टेशनात ते येणार कशावरून? आणि नुसते रुंद रूळ टाकून इंजिन आणलंच नसतं, तर त्यावर शेळ्या चरल्या असत्या.

सौ.ने यातलं काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "यातलं तापतं कोणतं?" प्रश्न वऱ्हाडी होता आणि बिनतोड होता. मध्यम ताकदीचं कार्डही जोरात चाललं की ११५ ते १७० वॅट खातं आणि ते सगळं उष्णता म्हणून खोलीत सोडतं. मॉनिटरचं खाणं त्यापुढे किरकोळ. शिवाय कार्डाला स्वतःचे दोन-तीन पंखे असतात. आम्हा तिघांत कूलर एक.

तरी निकाल मोजूनच लावायचा ठरला. चिरंजीवांनी आपले आवडते खेळ चालू केले आणि पडद्याच्या कोपऱ्यात चित्रांचा आकडा लावला. मी वही घेऊन शेजारी बसलो. नोंदी आल्या: ८८, ९३, ९०. म्हणजे कारकून कामसू होता, खिडकीच अरुंद होती. आकडे ६० च्या खाली आले असते, तर मी कार्डाच्या बाजूने मत दिलं असतं. शिवाय कार्ड काही वर्षांत मागे पडतं, चांगला पडदा दोन कार्डांना पुरतो.

अकोल्याहून २४ इंची, १४४ हर्ट्झचा, जुन्याच ठिपक्यांचा मॉनिटर आला. जोडल्यावर चिरंजीवांनी आधी सेटिंग उघडलं, कारण कॉम्प्युटर बरेचदा आपल्या मनाने ६० वरच बसून राहतो. सरकारी सवय, दुसरं काय! आकडा १४४ केल्यावर माऊसचा बाणसुद्धा तुपातून फिरल्यासारखा फिरला. सौ. म्हणाली, "फरक आहे हो!"

जवळजवळ निम्मे पैसे उरले. त्यांचं चिरंजीवांनी आमच्याच शाखेत खातं उघडलं. काउंटरवर मीच होतो. पासबुक हातात पडताच त्याने माझंच पेन मागून घेतलं आणि कव्हरवर ठळक अक्षरांत लिहिलं: "कार्ड".