वृक्षविशेष

संस्कृत टीकाकारांची एक मोठी सोयीची युक्ति आहे. मूळ ग्रंथांत एखाद्या झाडाचें नांव आलें, कीं 'वृक्षविशेषः' एवढें लिहून ते पुढें जातात. आम्हींहि शिक्षकाच्या धंद्यांत पंचवीस वर्षें याच युक्तीवर काढलीं.

मेघदूताच्या आरंभीं यक्ष मेघाला ताज्या कुटजपुष्पांचें अर्घ्य देतो. हा प्रसंग आम्ही दरसाल मोठ्या रंगांत येऊन शिकवीत असूं. एके वर्षीं मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, कुटज म्हणजे कोणतें झाड?" 'एक वृक्षविशेष' असें सांगूनहि तो खालीं बसेना. तेव्हां "परीक्षेंत तें विचारीत नाहींत," असें म्हणून आम्हीं त्यास बसविलें. पुढें वर्षभर त्या मुलानें आम्हांस एकहि प्रश्न विचारला नाहीं. वर्ग शांत झाला म्हणून त्या वेळीं आम्हांस समाधानच वाटलें, हें आज लिहितांना लाज वाटते.

तीन-चार वर्षांनीं ज्येष्ठाच्या अखेरीस मुलांस घेऊन सिंहगडावर जाण्याचा योग आला. पाऊस नुकताच पडून गेला होता. वाटेच्या कडेला एका लहानशा झाडावर पांढऱ्या फुलांचे घोंस आले होते. "कसलें रे हें झाड?" असें आम्हीं सहज म्हटलें. डोक्यावर ताकाचें मडकें घेऊन गड चढणारी एक बाई थांबून म्हणाली, "कुडा हाय त्यो, मास्तर. पोट बिघडलं की साल देत्यात त्याची."

कुडा म्हणजेच कुटज! लहानपणीं पोट बिघडलें कीं आमची आजी कडू कुटजारिष्ट पाजीत असे. कुड्याचेंच बीं इंद्रजव म्हणून तिच्या बटव्यांत असे. पोथींतला कुटज, बाटलींतला कुटज आणि डोंगरावरचा कुडा या तिघांची गांठ पडावयास आमचें अर्धें आयुष्य जावें लागलें. आणि ती घालून दिली वाटेवरच्या एका ताकवालीनें.

तेव्हांपासून दर रविवारीं सकाळीं घरचीं व शेजारचीं दहा-बारा मुलें घेऊन आम्ही गांवाबाहेरच्या टेंकडीवर जातों. निवृत्त झाल्यावरहि हा क्रम मोडला नाहीं. प्रथम आम्ही वाटभर झाडांचीं नांवें सांगत सुटत असूं आणि मुलें जांभया देत. हा तर फळ्यावांचूनचा वर्गच झाला, हें ध्यानांत येण्यास पांच-सहा रविवार लागले. आतां आम्ही आधीं नांव सांगत नाहीं. प्रत्येकानें एक झाड आपलें म्हणून निवडावें, महिन्यांतून एकदां त्याच्याजवळ घटकाभर बसावें आणि काय पालटलें तें सांगावें, एवढाच नियम.

आमच्या नातीनें पळस निवडला होता. पौषांत त्याचीं पानें गळूं लागलेलीं पाहून तिला रडूं कोसळलें. फाल्गुनांत त्याच निष्पर्ण फांद्या केशरी फुलांनीं भरल्या, तेव्हां तिनें घरांतील सर्व मंडळींस, अगदीं गुडघे धरून बसणाऱ्या आमच्या वहिनींसहि, तो पाहावयास ओढून नेलें. 'किंशुक' हा शब्द आम्हीं तिला त्या दिवशीं सांगितला. तो पुन्हां सांगावा लागला नाहीं.

घरोघरींच्या वडील मंडळींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मुलानें झाडाचें नांव विचारलें आणि तें आपणांस ठाऊक नसलें, तर "चल, कोणास तरी विचारूं," असें म्हणून उठावें. मागच्या बांकावरील त्या मुलाला एवढें उत्तर पुरलें असतें. तें आमच्याकडे अद्याप देणें राहिलें आहे.