नव्या लॅपटॉपचा ताप

आमच्या घरी आजार कुणाचाही असो, उपाय दोन भाषांतून येतात. मुलाच्या नव्या गेमिंग लॅपटॉपला ताप आला तेव्हाही तसेच झाले. खेळ सुरू करून वीस मिनिटे झाली की तो तव्यासारखा तापायचा आणि एकदम बंद पडायचा. सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अय्य, सुडाकत्तैतल्ल!" यांचा निकाल तयारच होता, "खेळ बंद करा, आपोआप गार होईल."

पण लॅपटॉप घेतला होता इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी. त्रिमितीय आराखड्यांना असेच दणकट मशीन लागते. त्यासाठी मी दोन वर्षे भिशी भरली होती. आठवडाभर बापलेकांचे बोलणे बंद.

दुकानदार म्हणाला, "गेमिंगचा आहे, तापणारच." हे अर्धे खरे. खेळताना अशा मशीनचा प्रोसेसर ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाणे नेहमीचेच. शंभराच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढली तर जीव वाचवायला बंद पडतो. आमचा रोज बंद पडत होता.

मुलाने तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर घातले आणि मी दुधाच्या हिशेबाची वही काढली. एप्रिलमध्ये बेळगावातही दुपारी खोली तापते, म्हणून नोंद रोज रात्री नऊलाच. एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम. गादीवर खालची जाळी झाकली जाते, म्हणून लॅपटॉप टेबलावर आणून मागची बाजू पुस्तकाने उचलली. चार अंश उतरले. खेळातील फ्रेमची मर्यादा ६० केली. आणखी तीन उतरले. कंपनीचे नवे अपडेट घातले. फरक शून्य. आकडा अजून ९७!

मग खेळच बंद ठेवला. अर्ध्या तासाने पाहिले, तर नुसत्या पडद्यावर ७४ अंश आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जवळजवळ रिकामा. काम नाही आणि ताप आहे, म्हणजे दोष खेळात नव्हे, गार करण्यात आहे.

शेवटी खेळ चालू करून टिश्यू पेपरची पट्टी हवेच्या जाळ्यांपाशी धरली. उजवीकडे ती फडफडली, डावीकडे लोंबतच राहिली. मुलगा स्क्रू काढायला निघाला होता. मी म्हटले, वॉरंटी असेपर्यंत हात लावायचा नाही.

सर्व्हिस सेंटरमधला मुलगा कन्नडमध्ये बोलत होता, मी मराठीत. वहीतले आकडे मात्र दोघांनाही कळले. त्याने मशीन उघडले, तर डावा पंखा फिरतच नव्हता. तो वॉरंटीत बदलून मिळाला. आता खेळताना ८४, रिकामा असताना ४६.

तुमच्याकडेही असा पाहुणा तापला, तर मुलावर चिडण्याआधी दोन आकडे लिहून ठेवा. एक कामाचा, एक विश्रांतीचा. "तापतो" म्हटले की उडवून लावतात, वही दाखवली की ऐकतात.

यांनी वही शांतपणे वाचली. चुकले वगैरे काही म्हणाले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर मुलाजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तो तुझा आराखडा दाखव बघू."